नऊ तारखेची तार

कात्रीबाईनं ‘तारवाला’ हा पिक्चर तीस वर्षांत एकदाही पाहिला नव्हता. आणि त्या पिक्चरमधली जी किंचाळी ऐकून अर्धं थिएटर खुर्चीतून उडायचं, ती किंचाळी तिची होती. पडद्यावर तोंड उघडायची ती नायिका, आवाज मात्र कात्रीबाईचा. हे ठाऊक असलेली माणसं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातली दोन मेलेली.

बाई फिल्म डेपोत कामाला होती. थिएटरा-थिएटरांतून मार खाऊन आलेली रिळं आधी तिच्या टेबलावर यायची. टेबलाला मध्ये दुधी काच, काचेखाली दिवा, दोन्ही बाजूंना रीळ फिरवायचे दांडे. सुती मोजे घालून ती फिल्म बोटांमधून सोडायची आणि कुठं चीर आहे, कुठं कडेची भोकं फाटलीत, ते न बघता सांगायची. फाटलं असेल तिथं कापायचं, ब्लेडनं टोक खरवडायचं, ब्रशनं फिल्म चिकटवायचं औषध लावायचं, दुसरं टोक वर बसवून दाबायचं आणि पंधरापर्यंत मोजायचं. तिचा जोड तुटला असं कुणी बोलत नसे. बोलायची हिंमतही नव्हती म्हणा. एकदा एका थिएटरच्या मॅनेजरनं ‘जोड ढिला होता’ अशी तक्रार केली, तर ही बसनं त्याच्या थिएटरात जाऊन थडकली आणि फिल्म त्याच्या नाकासमोर धरून म्हणाली, “ओढा. दोन्ही हातांनी ओढा. तुटला तर मी नोकरी सोडते, नाही तुटला तर तुम्ही माफी मागा.” त्यानं माफी मागितली. वर चहाही पाजला.

असली बाई. हिच्या वाटेला जाऊन सुखरूप राहिलेला माणूस एकच, आणि त्याचीच ही गोष्ट आहे.

युद्धाच्या काळात बाई सत्तावीस वर्षांची होती आणि एका स्टुडिओत जोडकाम करायची. स्टुडिओचे मालक स्वतःच पिक्चर काढायचे, स्वतःच दिग्दर्शन करायचे. त्यांना सगळे नुसतं ‘मालक’ म्हणत. युद्ध सुरू झालं, रात्री दिवे बंद ठेवायचा हुकूम निघाला, लोकांना घराबाहेर पडायची भीती वाटायला लागली, तेव्हा मालकांच्या डोक्यात ‘तारवाला’ आला. माणूस हुशार, त्यात वाद नाही. गोष्ट अशी, की एक रक्तपिशाच आहे. त्याला कुणी ‘आत या’ म्हटल्याशिवाय घराचा उंबरा ओलांडता येत नाही. शतकानुशतकं बिचारं उपाशी. मग युद्ध येतं, आणि त्याला युक्ती सुचते. ते तारवाल्याचा गणवेश चढवतं, सायकल घेतं आणि ज्या घरातला पुरुष आघाडीवर गेलाय त्या घराचं दार वाजवतं. हातात तार घेऊन उभ्या असलेल्या माणसाला कोण दारातून हाकलेल? बायका म्हणतात, “या, आत या.” झालं. खलास.

बाईला ही गोष्ट ऐकून पहिल्यांदा हसू आलं होतं. नंतर नाही आलं, कारण तिच्याही घरातला एक जण आघाडीवर होता. तिचा धाकटा भाऊ. टिल्लू. आई गेली तेव्हा हा चार वर्षांचा होता आणि ही बारा. त्याला भरवणं, न्हाऊ घालणं, शाळेत मारामारी केली म्हणून मास्तरांची बोलणी खाणं, सगळं हिनंच केलं. पोरगा सहा फूट वाढला तरी नाव टिल्लूच राहिलं. भरती होऊन निघाला तेव्हा गाडीच्या खिडकीतून ओरडला, “ताई, माझा रेझर कुणाला देऊ नकोस!” दाढी नीट आली नव्हती अजून, आणि काळजी कसली, तर रेझरची.

लष्कराच्या कागदावर ‘जवळच्या नातेवाइकाचा पत्ता’ असा रकाना होता. बाई दिवसभर स्टुडिओत आणि खोलीला कुलूप, म्हणून टिल्लूनं तिथं स्टुडिओचा पत्ता लिहिला. तिनंच तसं सांगितलं होतं. ‘तिथं लिही, लगेच मिळेल मला,’ असं. पुढं कित्येक वर्षं हे वाक्य तिच्या डोक्यात आपोआप वाजायचं आणि ती हातातलं काम टाकून उभी राहायची.

आता किंचाळीचं सांगतो. पिक्चरमध्ये नायिका दार उघडते, तार घेते, वाचते आणि किंचाळते. नायिका दिसायला छान होती, पण तिची किंचाळी म्हणजे अंगावर झुरळ पडल्यासारखी. वीस वेळा घेतली, वीस वेळा झुरळच. मालक वैतागले. म्हणाले, हिचा चेहरा घेऊन ठेवा, आवाज मी आणतो.

बारा तारखेला दुपारी जोडकामाच्या खोलीत निरोप आला की मालकांनी आवाजाच्या खोलीत बोलावलंय. बाई मोजे न काढताच गेली. भिंतींना जाड गोधड्या ठोकलेली ती खोली, मध्ये उभा मायक्रोफोन, काचेपलीकडे मशीनवर बसलेला माणूस. मालक म्हणाले, “इथं उभी राहा जरा. अशी. हं.” आणि खिशातून एक कागद काढून तिच्या हातात दिला.

तार होती. शिपाई क्रमांक चारशे सतरा लष्करी रुग्णालयात आज पहाटे मृत्यू पावला.

ती कशी किंचाळली ते मी सांगणार नाही. ज्यांनी पिक्चर पाहिलाय त्यांना ठाऊक आहे. काचेपलीकडच्या माणसानं घाबरून मशीन बंद करायला हात पुढं केला, तर मालकांनी बोटानं खूण केली, बंद करू नकोस. ती खाली बसली, मग आडवी झाली, तोपर्यंत फिल्म फिरत होती. आणि मग मालक हळूच म्हणाले, “मिळाली.”

हे एवढंच असतं तरी माणूस जन्मभर दातओठ खात बसला असता. पण ऐका, बाईनं त्यांना तेव्हा माफ केलं. मालकांनी आठ दिवसांची रजा दिली, भाड्याचे पैसे दिले, डोळे पुसत म्हणाले, “अगं, तार तेव्हाच हाती आली आणि मशीन चालूच होतं. मला भान राहिलं नाही.” सगळा स्टुडिओ म्हणाला, देवमाणूस. तीही म्हणाली, जाऊ दे, तार तर कधीतरी वाचायचीच होती.

तिचा खरा राग दुसरीकडेच होता. रुग्णालय बसनं सहा तासांवर होतं. ती पोचली तेव्हा टिल्लूला पुरूनही झालं होतं. तिथल्या नर्सनं त्याचं घड्याळ आणि पाकीट तिच्या हातात ठेवलं आणि चिडूनच म्हणाली, “तुम्ही आता येताय? आम्ही नऊ तारखेला तार केली होती. तीन दिवस दाराकडं डोळे लावून होता पोरगा. कुणाच्या पावलांचा आवाज झाला की विचारायचा, ताई आली का?”

नऊ तारखेला तार? बाईला काहीच कळेना. तिला तार मिळालीच नव्हती. मग तिच्या मनानं एकच अर्थ लावला. तारवाल्यानं तार बुडवली. आळस केला, कुठंतरी चहा पीत बसला, फेकून दिली, काहीही. माझा टिल्लू दाराकडं बघत मेला तो त्या सायकलवाल्या माणसामुळं.

आणि मग बाईनं त्या तारवाल्याला बावीस वर्षं सळो की पळो करून सोडलं. तो त्याच भागातला, तिच्याच गल्लीतून रोज जाणारा, साधा किडकिडीत माणूस. ती त्याला भर रस्त्यात ‘रक्तपिशाच’ म्हणायची. एकदा वरून धुण्याचं पाणी ओतलं. त्याच्या मुलीच्या लग्नाआधी मुलाकडच्यांच्या घरी जाऊन सांगून आली की या माणसाच्या हातात काही देऊ नका, बुडवतो. तो बिचारा प्रत्येक वेळी म्हणायचा, “बाई, मी एकही तार बुडवली नाही हो. तुमची तार मी—” पण पुढचं ऐकायला ती थांबली तर शपथ! दार धाडकन लावायची. हे तिचं चुकलंच. मीही तिच्या बाजूचा आहे, पण हे चुकलंच.

पुढं स्टुडिओ बंद पडला, मालक मोठे झाले, बाई डेपोत लागली. ‘तारवाला’ची रिळं आली की ती दुसऱ्या टेबलाकडं ढकलायची. पण एकदा दुसऱ्या टेबलावरची बाई बाळंतपणाला गेली होती, आणि ‘तारवाला’चं आठवं रीळ आडवं फाटून आलं. ते उद्या सकाळी कुठल्याशा थिएटरला हवं होतं.

ती नाक मुरडत बसली. फाटलं होतं नेमकं तारेच्या क्लोजअपवर. नखाला पॉलिश लावलेला कुणाचा तरी अंगठा, त्याखाली तारेचा कागद, पडद्यावर दोन सेकंद. फाटलेल्या कडा जुळवायला तिनं भिंग लावलं. आणि भिंगातून कागदावरची अक्षरं वर आली.

‘दिनांक नऊ. जोडकाम विभाग.’ नावाच्या जागी तो अंगठा. खाली, ‘शिपाई क्रमांक ४१७ अत्यवस्थ. बहिणीच्या भेटीची विनंती करतो. ताबडतोब यावे.’

बाईनं भिंग बाजूला ठेवलं. पुन्हा घेतलं. पुन्हा वाचलं. मग तिला आठवलं की हा क्लोजअप ज्या आठवड्यात जोडला गेला तेव्हा ती रजेवर होती, रुग्णालयाच्या बाकावर बसलेली. म्हणूनच हे रीळ तिच्या हातात आलंच नव्हतं. तार मिळाली होती. तार पोचली होती. कुणाला तरी वाटलं असणार, पिक्चरसाठी खोटी तार कशाला छापत बसायची, ही आहे की खरी. तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ना, ती कशी जाते ते बाईला त्या दिवशी कळलं. ती त्या खुर्चीत बसून मोठ्यानं म्हणाली, “मी ह्याला सोडणार नाही.” शेजारच्या खोलीतून कुणीतरी विचारलं, “काय झालं हो?” ती म्हणाली, “काही नाही. रीळ फाटलंय.”

दुसऱ्या दिवशी ती फ्रेमचा तुकडा पाकिटात घालून मालकांच्या बंगल्यावर गेली. मालकांनी ओळखलं, बसवलं, चहा मागवला. तिनं तुकडा पुढं ठेवला. त्यांनी खिडकीकडं धरून बघितला, आणि माणूस घाबरलासुद्धा नाही हो! म्हणाले, “अरेच्चा. हो, आली होती तेव्हा. अगं, रिलीजची तारीख ठरलेली होती. तू गेली असतीस तर आठ दिवस जोडकाम बंद. तुझ्याशिवाय होतं कोण? म्हटलं, दोन-तीन दिवसांत एवढी रिळं उरकू दे, मग देतो. आणि क्लोजअपला तार हवीच होती. तेवढा तुकडा मागून बाहेरच्या माणसाकडून जोडून घेतला.”

“तो वाट बघत होता, मालक.”

“तू गेली असतीस म्हणून काही वाचला नसता तो.”

“वाचला नसता. पण मी असते ना तिथं!”

मालकांनी सुस्कारा सोडला. “झालं गेलं. बावीस वर्षं झाली. आणि हे घेऊन तू फिरणार कुठं? दोन सेकंद असतो तो कागद पडद्यावर. दोन सेकंदांत कोण वाचतंय?”

बघा, माणसानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. बाई चहा न पिता उठली. फाटकाबाहेर येईपर्यंत तिच्या मनात सगळं ठरलं होतं. दोन सेकंदांत वाचता येत नाही ना? मग वाचता येईल एवढा वेळ देऊ.

तिथून ती थेट तारवाल्याकडं गेली. तो निवृत्त होऊन दारात सायकल पुसत बसला होता. सवय, दुसरं काय. तिला बघून त्यानं आधी सायकल आत घेतली. तिनं त्याच्या पुढ्यात उभं राहून म्हटलं, “काका, माझं चुकलं. तुम्ही तार दिली होती. कुणाला दिली ते आज सांगा, मी ऐकते.”

म्हाताऱ्यानं हातातला फडका झटकला. मग म्हणाला, “बावीस वर्षांनी वेळ झाला तुला. मालकांचा हुकूम होता, स्टुडिओच्या तारा फाटकावर द्यायच्या नाहीत, थेट त्यांच्या हातात. पण अत्यवस्थ लिहिलेली तार मी ज्याची त्यालाच द्यायचो. मी म्हटलं, बाई कुठं आहेत, मी नेऊन देतो. तर म्हणाले, मी तिकडेच चाललोय, आण इकडं. सही केली आणि घेतली. मी बाहेर नळावर पाणी प्यालो आणि निघालो. हेच सांगायचं होतं गं तुला. पाणी कसलं ओततेस अंगावर!”

ती रडली. मग दोघांनी तिथंच पायरीवर बसून मालकांना इतक्या शिव्या घातल्या की तारवाल्याची बायको खिडकी लावायला आली.

आता बाईचं काम सांगतो. ‘तारवाला’च्या एकतीस कॉपी तेव्हा अजून फिरत होत्या. जुनी कॉपी झिजली की ती भंगारात काढायची, आणि भंगारात काढण्याआधी तपासायचं काम डेपोत कुणाचं? कात्रीबाईचं. आता ती ‘तारवाला’ दुसऱ्या टेबलाकडं ढकलेना. उलट मागून घ्यायला लागली. प्रत्येक मरायला टेकलेल्या कॉपीतून तारेचा क्लोजअप कापायचा आणि बिस्किटाच्या डब्यात ठेवायचा. घाई नव्हती. एखाद्या वर्षी पाच तुकडे मिळाले, एखाद्या वर्षी एकही नाही. आठ वर्षं हे चाललं. लोक स्वेटर विणतात, हिनं हे केलं.

त्यात एक गोम होती, जी जोडकाम करणाऱ्यालाच कळेल. फिल्मवर आवाजाची पट्टी चित्राच्या जरा पुढं चालते. म्हणजे तारेच्या शेवटच्या वीस फ्रेमच्या कडेला आवाज असतो तो पुढच्या किंचाळीचा. तुकडे आहेत तसे एकामागून एक जोडले असते तर दर खेपेला किंचाळीचा तुकडा वाजला असता. दुसऱ्या कुणी ही चूक नक्की केली असती. बाईनं प्रत्येक तुकड्याच्या शेवटच्या वीस फ्रेम कापून टाकल्या. फक्त अखेरचा तुकडा पुरा ठेवला. ती एकदाच किंचाळली होती.

आणि एके दिवशी वर्तमानपत्रात आलं. मालकांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण, त्यानिमित्त मोठ्या थिएटरात दुपारी सत्कार, मंत्री हजर राहणार, आणि ‘तारवाला’चा खास खेळ. चांगली धड कॉपी एकच शिल्लक होती, ती तपासायला डेपोत आली. कात्रीबाईनं डबा काढला, मोजे घातले आणि दोन दिवस ब्लेड, ब्रश, दाब, पंधरापर्यंत मोज, ब्लेड, ब्रश, दाब असं केलं. तीस तुकडे आणि मूळचा एक. अर्ध्या मिनिटाच्या वर तार.

थिएटरात मशीनवर होते मशीनकाका. युद्धाच्या वेळी आवाजाच्या खोलीत काचेपलीकडं बसलेला माणूस तो हाच. त्यांची पद्धत अशी, की खेळाआधी प्रत्येक रीळ स्वतः बोटातून सोडून बघायचे. सत्काराच्या दिवशी सकाळी त्यांनी बाईला बोलावून घेतलं.

“आठव्या रिळात हातभर अंतराला जोड आहेत. एकापाठोपाठ एक. काय केलंयस तू?”

तिनं भिंग दिलं. त्यांनी वाचलं. भिंग तिला परत दिलं. मग म्हणाले, “मला वाटायचं, एकच तार होती.”

“मलाही तेच वाटायचं.”

“त्या दिवशी मी मशीन बंद करायला हवं होतं गं.”

“मग आज बंद करू नका,” बाई म्हणाली.

मशीनकाकांनी रीळ डब्यात ठेवलं. “जोड टिकतील ना?” असं विचारलं, आणि विचारल्याबद्दल लगेच जीभ चावली.

दुपारी थिएटर खचाखच भरलं. मालक पहिल्या रांगेत, मांडीवर फुलांचा गुच्छ. भाषणं झाली. मंत्री म्हणाले, अशी किंचाळी पुन्हा होणे नाही. बाई मधल्या वाटेच्या कडेला बसली होती, शेजारी तारवालेकाका, इस्त्री केलेल्या शर्टात. तिनं आयुष्यात पहिल्यांदा तो पिक्चर बघितला. चांगला होता, हे तिला कबूल करावं लागलं, आणि त्याचा तिला आणखी राग आला.

आठवं रीळ लागलं. दार वाजलं. नायिका म्हणाली, “या, आत या.” गणवेशातल्या पिशाचानं तार दिली. पडद्यावर कागद आला, पॉलिशचा अंगठा आला, आणि कागद गेलाच नाही.

व्हायोलिनचे तेच दोन सूर. पुन्हा तेच दोन सूर. पुन्हा. पहिल्यांदा मागून कुणीतरी हसलं. “अडकलं काय रे?” पण मालक हसले नाहीत. कुणी एक अक्षर वाचायच्या आत मालक ताडकन उभे राहिले, गुच्छ खाली पडला, आणि ते मागं वळून मशीनच्या खिडकीकडं बघून ओरडले, “बंद करा! मशीन बंद करा!”

मशीन चालू राहिलं.

मग तारवालेकाका उठले. चाळीस वर्षं लोकांच्या दारात, ज्यांना वाचता येत नाही त्यांना ते तारा वाचून दाखवायचे, त्याच सावकाश, स्वच्छ आवाजात त्यांनी वाचलं. “दिनांक नऊ. जोडकाम विभाग. शिपाई क्रमांक चारशे सतरा अत्यवस्थ. बहिणीच्या भेटीची विनंती करतो. ताबडतोब यावे.” व्हायोलिन तसंच करवतत होतं. काका म्हणाले, “ही तार खोटी नाही. नऊ तारखेला सकाळी मी पोचवली. हे उभे आहेत ना, ह्यांच्या हातात. सही करून घेतली त्यांनी. ही बहीण इथं बसलीय. हिला ती कधी दिलीच नाही. पोरगा तीन दिवस वाट बघून गेला, तेव्हा ह्यांनी दुसरी तार हिला मायक्रोफोनसमोर उभी करून दिली. आता ऐका.”

आणि किंचाळी आली.

तीस वर्षं त्या किंचाळीवर लोक खुर्चीत उडायचे, एकमेकांचे हात धरायचे, मग हसायचे. त्या दुपारी कुणी उडालं नाही. लोक नुसते बसून राहिले, आणि एकेक करून बाईकडं बघायला लागले. बाई ताठ बसली होती. तिला लाज वाटत नव्हती, वाईटही वाटत नव्हतं. तिला बरं वाटत होतं. लोक सांगतात सूड घेऊन काही मिळत नाही म्हणून. ज्यांनी घेतला नाही ते सांगतात.

पिक्चर पुढं चालू झाला. मंत्री मागच्या दारानं केव्हाच सटकले होते. मालक मधल्या वाटेनं निघाले, एकेका खुर्चीची पाठ धरत. त्यांच्या रांगेतलं कुणी हात द्यायला उठलं नाही. ज्यांनी तासाभरापूर्वी त्यांच्या पाया पडून फोटो काढले होते, ते आता पडद्याकडं असं बघत होते की जणू मान वळवता येत नाही. चालता चालता मालकांना धाप लागली. बाईच्या खुर्चीपाशी ते थांबले. ती आहे हे त्यांना कळलं होतं की नाही कोण जाणे, अंधार होता आणि डोळे पाण्यानं भरलेले होते.

“कुणीतरी बाहेर माझ्या ड्रायव्हरला कळवा हो,” ते म्हणाले. “मला घरी न्यायला सांगा. मला बरं वाटत नाहीये.”

“कळवते की,” कात्रीबाई म्हणाली. “तीन दिवसांनी.”

मालकांनी तिचा चेहरा बघितला. मग ते तसेच, खुर्च्यांच्या पाठी धरत, दाराकडं गेले.

तारवालेकाकांनी विचारलं, “निघायचं?”

“बसा हो,” ती म्हणाली. “अजून तीन रिळं बाकी आहेत.”